दोन तुकड्यांतली किल्ली

"मेल जात न्हाई."

माझ्या धंद्यात मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य हे. सकाळी तोंड धुताना ऐकलं, जेवणाच्या ताटावर ऐकलं, एकदा तर मामाच्या दहाव्याला, पिंडाला कावळा शिवायची वाट बघत उभा असताना ऐकलं. फोन करणाऱ्याला वाटतं, त्याचं मेल मी घरात कोंडून ठेवलंय आणि मुद्दाम दार उघडत नाही.

मी जालन्यात मोंढ्याजवळ, बियाण्यांच्या दुकानांच्या वर एका खोलीत बसतो. एक डाळमिल, परतूरकडची एक जिनिंग, मोसंबीची एक रोपवाटिका, दोन-तीन शाळा-कॉलेजं, अशा लोकांच्या वेबसाइटी आणि मेल सांभाळतो. सांभाळतो म्हणजे बंद पडल्यावर बोलणी खातो. सगळं चालू असतं तेव्हा मी जिवंत आहे का हेही कोणी विचारत नाही. पूर्वी याचा राग यायचा. आता नुसता थकवा येतो, आणि तो झोपून जात नाही.

त्यातलं एक काम सांगतो. काम लहान होतं, पण ते डोक्यातून जात नाही.

हल्ली मेल पाठवणाऱ्याला प्रत्येक मेलवर एक शिक्का मारावा लागतो. माणूस मारत नाही, मशीनच मारतं. तो शिक्का खरा की बनावट हे ताडून बघायची एक किल्ली असते, आणि ती आपल्या डोमेनच्या, म्हणजे मेलपत्त्यातल्या @ नंतरच्या नावाखाली उघड्यावर लावून ठेवायची असते. जगातला कुठलाही मेलवाला विचारतो, किल्ली मिळते, शिक्का जुळला की मेल आत घेतो. ही विचारपूस ज्या व्यवस्थेतून चालते ती डीएनएस. नाव सांगा, त्या नावाची नोंद मिळेल, एवढंच तिचं काम. त्यात साधा मजकूर ठेवायला टेक्स्ट रेकॉर्ड नावाची नोंद असते, आणि किल्ली तिथं ठेवतात.

गोची अशी की ही व्यवस्था जुनी आहे. ज्यांनी ती बांधली त्यांना वाटलं असणार, इथं माणूस लिहून लिहून किती लिहील? मजकुराचा तुकडा ठेवताना त्याच्या आधी त्याची लांबी नोंदवायची, आणि त्या लांबीला जागा दिली फक्त एका बाइटची. एका बाइटमध्ये दोनशे पंचावन्नच्या वरचा आकडा मावत नाही, म्हणून तुकडाही तेवढाच. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, आपल्या देवनागरी अक्षराला तीन. मराठीत लिहायला बसलात तर ख्यालीखुशाली विचारून होईपर्यंतच जागा संपते.

किल्ली मात्र चारशेच्या घरात जाते. मग ती तोडायची. दोन तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा आपापल्या अवतरणचिन्हांत घालायचा, पण नोंद एकच ठेवायची. दोन तुकडे म्हणून दोन नोंदी केल्या की खेळ खलास. विचारणारा दोन्ही तुकडे घेतो आणि पहिल्याच्या शेपटाला दुसऱ्याचं डोकं लावून एक करतो. मध्ये काही घालत नाही, साधी मोकळी जागासुद्धा नाही. काही कंपन्यांच्या पॅनलमध्ये, म्हणजे या नोंदी भरायच्या पानावर, हे तोडणं आपोआप होतं. आमच्या लोकांनी घेतलेल्या स्वस्तातल्या पॅनलमध्ये "मजकूर फार लांब आहे" अशी लाल ओळ येते आणि मला फोन येतो.

राजूरच्या पुढे, भोकरदनच्या बाजूला एक कॉलेज आहे. तिथल्या हेडक्लार्कला सगळे बडेबाबू म्हणत, मीही म्हणायचो. कॉलेजने मेलची कंपनी बदलली तेव्हा ती लाल ओळ त्यांच्या वाट्याला आली. मी फोनवरच सांगितलं, "अडीचशेच्या आत कुठंही तोडा, दोन तुकडे करा, नोंद एकच." त्यांनी माझं वाक्य मला दोनदा परत म्हणून दाखवलं. तासाभराने त्यांचा फोन आला, "झालं बराबर." विद्यापीठाला, खात्याला, पालकांना मेल जायला लागले आणि विषय तिथं संपला.

आपल्याकडच्यांचं एक बरं असतं, शिक्का जुळला नाही तरी ओळखीचा पत्ता बघून पुष्कळदा आत घेतात. त्यामुळे कित्येक महिने काहीच बिघडलं नाही.

मग एका सकाळी बडेबाबूंचा फोन आला. मी चहा घेत होतो.

"सर, प्राचार्य सरांचं मेल वापस आलं."

"कोणाला पाठवलं होतं?"

"जर्मनीला, तिथल्या विद्यापीठाला. कालपासून पाठवून राह्यलो, वापसच येऊन राह्यलं. शिफारसपत्र हाय एका मुलीचं."

"दुसऱ्या मेलवरून पाठवा की."

"चालत न्हाई म्हणती. कॉलेजच्याच पत्त्यावरून पायजे, प्राचार्यांकडून थेट. उद्या संध्याकाळची मुदत हाय." मग म्हणाले, "पोरगी माझीच हाय, सर."

मला त्यांची मुलगी आहे हेही माहीत नव्हतं. इतकी वर्षं आम्ही फक्त मेल, पासवर्ड आणि ओटीपी एवढंच बोललो होतो.

मी लॅपटॉपवर कॉलेजची किल्ली विचारून बघितली. दोन तुकडे आले, नोंद एकच होती. पण पहिल्या तुकड्याच्या शेवटी भलतंच काहीतरी होतं. दोन टिंबं, मग उलट्या तिरक्या रेघा लावलेले तीन आकडे, दोनशे चोवीस, एकशे पासष्ट, एकशे अडुसष्ट, आणि पुढे एक रेघ तिरपी, एक आडवी. किल्लीत असल्या गोष्टींना जागाच नसते. दोन तुकडे जोडले की हा कचरा बरोबर मधोमध येत होता आणि किल्ली निकामी होत होती. पॅनलवाल्या कंपनीचं काम असणार असं समजून मी त्यांना मनातल्या मनात मनसोक्त शिव्या दिल्या.

दुरुस्ती जालन्यात बसूनही झाली असती. पण पॅनल उघडायचं तर ओटीपी लागतो, तो जातो बडेबाबूंच्या मोबाईलवर, आणि बडेबाबू तो सांगेनात.

"सर, ओटीपी कोणालाबी सांगायचा न्हाई. बँकेनं सांगितलंय."

"ते बँकेच्या ओटीपीचं, बडेबाबू."

"ओटीपी तो ओटीपीच न, सर. तुम्ही या, मी तुमच्यासमोर टाकतो."

पोरीचं आयुष्य टांगणीला लागलंय आणि माणूस नियम सोडत नाही. मला हसावं का चिडावं कळेना. पाठ धरली होती, तरी निघालो.

त्यात ती मंगळवारची चतुर्थी. राजूरच्या गणपतीला जाणारी माणसं सगळा रस्ता व्यापून चालली होती, कोणी अनवाणी, कोणी पोर खांद्यावर घेऊन. कडेला फराळाचे मांडव, पाण्याचे टँकर, स्पीकर. एसटी बैलगाडीपेक्षा हळू चालली होती. कंडक्टर म्हणाला, "बसा निवांत, आज देवाचा दिवस हाय." मी निवांत बसण्याच्या अवस्थेत नव्हतो. डोळे मिटले की ते तीन आकडे दिसत होते, आणि त्यांचा अर्थ काही लागत नव्हता.

पोचलो तेव्हा दुपार झाली होती. बडेबाबू टेबलाशी सरळ बसले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, टेबलावर टाचण्या, पंच, शाईचं पॅड जागच्या जागी. शेजारच्या बाकावर त्यांची मुलगी होती, केदारखेड्याहून सकाळीच आलेली. तिने उठून नमस्कार केला, पाणी आणून दिलं आणि परत बसली. आई लहानपणीच गेलेली, घरात दोघंच, हे मला तिथल्या शिपायाने चहा देताना सांगितलं. माहिती द्यायला त्याला कोणी विचारावं लागत नसे.

"मातीचं शिकायला जायचं म्हणती," बडेबाबू म्हणाले. "माती शिकायला जर्मनी कशाला, मी म्हणलो. इथं काय माती कमी हाय का. पण तिचं पक्कं हाय."

मुलगी हसली नाही. तिची नजर घड्याळाकडे होती.

मी लॅपटॉप उघडायला जागा करण्यासाठी टेबलावरची पत्रं बाजूला सारली. सगळ्यात वरचं खात्याला जायचं होतं, दोन पानी, बडेबाबूंनी स्वतः टाइप केलेलं, समास सूतभरही इकडेतिकडे नाही. पहिल्या पानाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात होतं: ..२/-

मी ते बघतच राहिलो. आपल्या कचेऱ्यांतली ही जुनी रीत. पत्र एका पानात मावलं नाही की तळाशी ही खूण करायची, म्हणजे वाचणाऱ्याला कळावं की इथं संपलेलं नाही, दुसरं पान आहे. मला माहीत होती, तरी बसमध्ये मला ती आठवली नव्हती. ते तीन आकडे म्हणजे आपला देवनागरी दोन होता. तीन बाइटचा. इंग्रजी मशीनने तो आकड्यांत फोडून दाखवला होता.

"बडेबाबू, किल्लीच्या पहिल्या तुकड्याखाली तुम्ही हे घातलंत?"

"हो." ते सहज म्हणाले. "दुसरा तुकडा होता न पुढं."

माझा आवाज चढला. किल्लीत एक अक्षर जास्तीचं चालत नाही, मी सांगितलं तेवढंच करायचं होतं, आगाऊपणा कशाला, असं बरंच बोललो. सकाळपासूनचा रस्ता, पाठ, गर्दी, सगळं त्यात निघालं.

बडेबाबू माझ्यावर रागावले नाहीत. त्यांनी ते पत्र उचललं, तळाच्या खुणेकडे बघितलं आणि खाली ठेवलं.

"मंग वाचणाऱ्याला कळणार कसं, पुढं हाय म्हणून?"

त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मी सांगितलं, की मशीनला प्रत्येक तुकड्याची लांबी आधीच सांगितलेली असते, दुसरा आहे की नाही तेही कळतं, ते स्वतःच जोडून घेतं, खुणेची गरज नसते. ते मान हलवत राहिले. मग मुलीकडे न बघता, हळू आवाजात त्यांनी विचारलं, "म्हणजे माझ्यामुळंच अडलं का तिचं?"

मला माझ्या तोंडाची लाज वाटली. मुलगी उठून त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. "काका, होईल का पण?" तिने मला विचारलं.

होणार होतं, पण सरळ रस्त्याने नाही. नोंद दुरुस्त केली तरी जुनं उत्तर लगेच मरत नाही. ज्याने ज्याने ती किल्ली विचारली, तो ते उत्तर दिवसभर स्वतःकडे धरून ठेवतो आणि पुन्हा विचारायची तसदी घेत नाही. जर्मनीच्या मशीनने कालपासून बऱ्याच वेळा विचारलं होतं. त्याच्याकडे बडेबाबूंचा दोन बसलेला होता, आणि आपण इथं कितीही खोडलं तरी तो त्याच्याकडे उद्यापर्यंत राहिला असता. मुदत उद्याचीच होती.

म्हणून जुन्या नोंदीला हातच लावला नाही. मेलच्या कंपनीकडून नवी किल्ली काढली आणि ती वेगळ्या नावाखाली लावायची ठरवली. किल्ली कुठल्या नावाखाली बघायची ते शिक्क्यातच लिहिलेलं असतं, आणि हे नाव जगात अजून कोणी विचारलेलंच नव्हतं, त्यामुळे त्याचं जुनं उत्तर कोणाकडे असण्याचा प्रश्न नव्हता. मी हे समजावून सांगितलं. बडेबाबूंना ते पटलं. नव्या प्रकरणाला नवा जावक क्रमांक, असं ते स्वतःशीच म्हणाले.

ओटीपी त्यांनी पाठ केला, मोबाईल खिशात ठेवला आणि मगच तो पॅनलमध्ये भरला. मी खुर्ची ओढली तर म्हणाले, "मीच करतो, सर. तुम्ही बघा फक्त." त्यांनी अवतरणचिन्ह दिलं, पहिला तुकडा चिकटवला आणि तिथं त्यांची बोटं कीबोर्डवर थबकली. तीस-बत्तीस वर्षांची सवय होती ती, बोटांना आधी कळत होती. मुलीने मागून हात पुढे केला नाही, मीही नाही. शेवटी त्यांनी अवतरणचिन्ह बंद केलं, दुसरं उघडलं आणि दुसरा तुकडा चिकटवला.

"असं उघडंच सोडायचं?" त्यांनी विचारलं.

"असंच सोडायचं."

मी तीनदा तपासलं. किल्ली अखंड येत होती. प्राचार्य जेवणाहून आले, त्यांनी खुर्चीत न बसताच पत्र पुन्हा पाठवलं आणि मीटिंगला गेले. आम्ही तिघं स्क्रीनकडे बघत बसलो. मेल वापस आलं नाही. काही वेळाने जर्मनीच्या विद्यापीठाचं, पत्र मिळाल्याचं छापील उत्तर आलं. मुलीने ते मोठ्याने वाचलं, मग वडिलांना मराठीत सांगितलं, मग परत एकदा इंग्रजीत वाचलं. बडेबाबूंनी त्याची प्रत काढली आणि पंच करून फाइलला लावली.

ती गेली. निवड झाली, व्हिसा झाला, सगळं झालं. निघायच्या आधी दोघं पेढे घेऊन माझ्या खोलीवर आले होते. मला बरं वाटलं हे मान्य करतो. माझ्या कामामुळे कोणाचं काही झालं असं या धंद्यात क्वचितच समोर दिसतं.

पुढच्या वर्षी बडेबाबू निवृत्त झाले. नव्या माणसाला ओटीपी सांगायला काही वाटत नाही, त्यामुळे मला तिकडे जावं लागत नाही. फोन मात्र चालू आहेत, तेच वाक्य, तोच थकवा.

मागच्या उन्हाळ्यात ते अचानक माझ्या खोलीवर आले. पेन्शनच्या कामाला जालन्यात आलो होतो म्हणाले. वाळले होते, शर्टाला इस्त्री तशीच होती. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी मोबाईल काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"सर, जरा बघता का? मेसेज येत न्हाई."

मुलीचे मेसेज होते. पूर्वीचे वर सरकवून बघितले तर लांबलचक होते, तिकडची थंडी, प्रयोगशाळा, मातीचे नमुने, भात कसा बिघडला. लिहिता लिहिता वेळ झाली की ती मेसेज अर्धा ठेवून पाठवायची, आणि त्याखाली लिहायची: ..२/- . उरलेला दुसऱ्या दिवशी यायचा. वडिलांना कळावं म्हणून.

हळूहळू मेसेज आखूड होत गेले होते. शेवटचा अडीच ओळींचा होता. ठीक आहे, काम फार आहे, तुम्हाला एक सांगायचं आहे. खाली तीच खूण. त्याच्यापुढे काही नव्हतं, आणि त्याला महिना होत आला होता. मध्ये बडेबाबूंनी पाठवलेले छोटे छोटे मेसेज होते, जेवलीस का, इकडं बरं हाय, आणि त्या प्रत्येकावर वाचल्याच्या दोन निळ्या खुणा होत्या. नावाखाली ऑनलाइन असं दिसत होतं. त्या क्षणी, मी बघत असताना.

"फोन उचलत नाही का?" मी विचारलं.

"तिकडं रात्र ऱ्हाती न, सर. आपण कशाला झोपमोड करायची." मग म्हणाले, "तिनं पाठवलं असंल, मधीच कुठं अडलं असंल. त्या बारीला कसं अडकल्तं, तसं. मी तर काही घातलं न्हाई या टायमाला."

खिडकीबाहेर भर दुपार होती, तिकडे सकाळ असणार होती. मोबाईलमध्ये काही बिघाड नव्हता. मला त्या पोरीचा भयंकर राग आला, आणि त्यामागोमाग असंही वाटलं की काय सांगायचं राहिलंय ते लिहिताना तिच्या हाताला जड जात असेल. मी आजवर कोणत्याही गिऱ्हाइकाला मेलबद्दल खोटं सांगितलेलं नाही. तोंडावर सांगतो, म्हणून तर माणसं माझ्यावर चिडतात.

मी मोबाईल उलटासुलटा केला, सेटिंग उघडलं, बंद केलं.

"होतं असं," मी म्हणालो. "कधी कधी मधल्या मशीनमध्ये जुनंच धरून ठेवलेलं असतं. नवं यायला वेळ लागतो. आपल्या हातात काही नसतं."

"म्हणजे येईल."

"येईल."

त्यांनी मोबाईल घेतला आणि तो मेसेज पुन्हा उघडला. शेवटच्या ओळीखाली बोट टेकवून मला दाखवलं, जणू मी तो बघितलाच नव्हता.

"तिनं लिहिलंय न हे. म्हणजे पुढं हाय."

मग मोबाईल शर्टाच्या खिशात पेनाशेजारी ठेवला, खिशाचं बटण लावलं आणि भोकरदनच्या गाडीला उशीर होईल म्हणून उठले.